बाटलीत काय आहे? न चाखता ओळखू या क्षार!



आज तुम्हाला एक पाठ सांगणार आहे. पण पाठाच्या आधी माझी एक चूक सांगतो, कारण हा पाठ त्या चुकीतूनच जन्माला आला.

किनवट तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखीची प्रतिकृती करायची होती. त्यासाठी धुण्याचा सोडा आणला होता. शिल्लक राहिलेला सोडा मी एका रिकाम्या बरणीत भरला. बरणी मिठाची होती. झाकण लावलं, ऑफिसच्या फळीवर ठेवली आणि विसरून गेलो. वर चिठ्ठी लावली नाही. "मला माहीत आहे ना आत काय आहे" असं वाटलं असेल तेव्हा.

पुढं एकदा शाळेत खिचडी शिजवताना मीठ संपलं. स्वयंपाकाच्या मावशींनी फळीवरची ती बरणी नेली. त्यांचा काय दोष? बरणी मिठाची, आतली भुकटी पांढरी. पातेल्यात फोडणीचं पाणी उकळत होतं, हळद पडलेली होती. मावशींनी मूठभर "मीठ" टाकलं. आणि त्या धावत माझ्याकडं आल्या.

"सर, हे काय झालं हो? मीठ टाकलं अन् पाणी लालच पडलं की!"

जाऊन बघतो तर पिवळं पाणी लालभडक झालेलं. बरणी हातात घेतल्यावर माझ्या पायाखालची जमीन सरकली. पाणी फेकून दिलं, पातेलं दोनदा घासलं आणि पुन्हा फोडणी टाकली. त्या दिवशी खिचडी उशिरा झाली, एवढंच. पण हळद नसती तर? मावशींनी "असेल काहीतरी" म्हणून तांदूळ टाकले असते तर? दीडशे लेकरांच्या पोटात ते गेलं असतं. धुण्याच्या सोड्यानं तोंड, घसा, पोट सगळं पोळतं.

मित्रांनो, त्या दिवशी आमच्या शाळेत रसायनशास्त्राची एक चाचणी झाली होती. ती मी केली नव्हती, मावशींनी केली होती. हळद आम्लारी पदार्थात लाल होते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो. मावशींनी ते पातेल्यात पाहिलं, आणि पाहून त्या थांबल्या. विज्ञानातलं निम्मं काम हेच आहे, वेगळं काही दिसलं की थांबायचं.

पाठ का घ्यावासा वाटला?

मी बारावी कला शाखेतून डी.एड. केलेला माणूस. विज्ञान माझ्याकडं आलं ते दुसरं कुणी नव्हतं म्हणून. पहिली काही वर्षं मी पुस्तक वाचून दाखवायचो आणि प्रश्नोत्तरं लिहून द्यायचो. खिचडीच्या घटनेनंतर वाटलं, आपल्या मुलांच्या घरी बघावं. आपल्या भागात कापूस आहे, सोयाबीन आहे. प्रत्येक घरात खताची, औषधाची अर्धवट पुडी असते. ती पांढरी भुकटी कुठं फळीवर, कुठं माळवदावर, कधी कोल्ड्रिंकच्या बाटलीत विरघळवून ठेवलेली असते. आणि लेकरू अनोळखी पांढरी वस्तू दिसली की काय करतं? बोट लावून जिभेवर ठेवतं. मीठ, साखर ओळखायची तीच पद्धत आपण त्याला शिकवलेली असते.

म्हणून ठरवलं की न चाखता ओळखायला शिकवायचं.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. आपण बोलताना "पाण्यात क्षार आहेत" म्हणतो, तेव्हा पाणी जड आहे, मचूळ आहे असं सुचवायचं असतं. पुस्तकात मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जो पदार्थ तयार होतो, तो क्षार. खायचं मीठ हा त्यातला एक. सोडा, तुरटी, नवसागर, मोरचूद हेही क्षारच. म्हणजे मीठ हा क्षार आहे, पण प्रत्येक क्षार मीठ नाही. मुलांना हे वाक्य पाठ करायला लावू नका. सहा बाटल्या समोर ठेवा, आपोआप समजतं.

साहित्य: किराणा दुकान, कृषी सेवा केंद्र आणि घर

सहा क्षार मी असे निवडले:

१. खायचं मीठ (सोडियम क्लोराइड)
२. खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट)
३. धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट)
४. तुरटी
५. मॅग्नेशियम सल्फेट. कापसावर लाल्या आला की याची फवारणी करतात, त्यामुळं कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं.
६. नवसागर (अमोनियम क्लोराइड). कल्हईवाले वापरतात ते.

सातव्या बाटलीत नुसतं पाणी. ही सातवी बाटली विसरू नका, ती सगळ्यात महत्त्वाची आहे.

मोरचूद मुद्दाम घेतला नाही. तो विषारी आहे, आणि निळ्या रंगावरून लगेच ओळखू येतो, म्हणजे डोकं चालवायला काही उरत नाही.

द्रावणं करायला बोअरचं पाणी घेऊ नका. आपल्या पाण्यात आधीच इतके क्षार असतात की सगळ्याच बाटल्या गढूळतात आणि काही कळत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी दुकानात मिळतं, तेच ऊर्ध्वपातित पाणी. ते बॅटरीतून काढलेलं नको, सीलबंद डब्यातलंच घ्या. एका कपात एक छोटा चमचा क्षार पुरे. सातही द्रावणं स्वच्छ, रंगहीन दिसली पाहिजेत. तुरटी गढूळ वाटली तर रात्रभर ठेवून वरचं नितळ पाणी घ्या.

तपासायला काय लागतं? हळदीच्या पट्ट्या (हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावायची, सावलीत वाळवायची आणि पट्ट्या कापायच्या), लिंबाचा रस, धुण्याच्या सोड्याचं एक ओळखीचं द्रावण, खायचा चुना, गरम पाण्याचं भांडं, ड्रॉपर आणि पारदर्शक छोटे कप. एवढंच.

नियम

फळ्यावर मोठ्या अक्षरात तीन नियम लिहिले.

चाखायचं नाही. थेट नाक लावून हुंगायचं नाही, हातानं वारा घेऊन वास घ्यायचा. आणि बाटलीवर चिठ्ठी नसेल तर त्या बाटलीला हात लावायचा नाही.

तिसरा नियम लिहिताना मी मुलांना बरणीची गोष्ट सांगितली. "सर, म्हणजे तुमचीच चूक होती?" एकानं विचारलं. म्हटलं, "होय, माझीच." वर्ग शांत झाला. तेव्हापासून आमच्या शाळेत चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की मुलं आरडाओरड करतात. माझी पाण्याची बाटलीसुद्धा सुटत नाही!

चार चाचण्या

पहिली चाचणी हळदीची. पट्टीवर एकेक थेंब टाकला. धुण्याच्या सोड्यानं पट्टी गडद लाल झाली. खाण्याच्या सोड्यानं फिकट लालसर. बाकी पाच पिवळ्याच राहिल्या. इथं मुलांना विचारा, हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावल्यावर काय होतं? पारंपरिक पद्धतीनं हळदीला चुना लावून कुंकू करतात, ते लाल का होतं? मुलांकडं उत्तरं असतात. फक्त ती विज्ञानाच्या तासाला चालतात हे त्यांना माहीत नसतं. फुलांच्या, पानांच्या रंगावरून आम्ल-अल्क ओळखायची ही रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईलनं १६६४ साली रंगांवर पुस्तक छापलं, त्यात व्हायोलेट फुलांच्या पाकाचा रंग आम्लानं तांबडा आणि अल्कानं हिरवा होतो हे नोंदवलंय. त्यानं फूल घेतलं, आपण हळद घेतली.

दुसरी चाचणी लिंबाची. दोन्ही सोड्यांत बुडबुडे येतात. हा कार्बन डायऑक्साइड वायू.

तिसरी चाचणी ओळखीच्या सोड्याची. धुण्याच्या सोड्याचं द्रावण प्रत्येकात थोडं थोडं घालायचं. मॅग्नेशियम सल्फेटमध्ये लगेच पांढरा साका तयार होतो. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात, आमची मुलं साकाच म्हणतात, मी अडवत नाही. तुरटीतही पांढरा साका येतो, पण तो पिंजलेल्या कापसासारखा असतो आणि सोबत बुडबुडे येतात, कारण तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं. बाकीच्यांत साका येत नाही.

याच चाचणीनं दोन सोडेही वेगळे होतात. पाचव्या बाटलीतलं द्रावण मॅग्नेशियम सल्फेट आहे हे कळलं की ते दोन्ही सोड्यांत घालून बघा. धुण्याच्या सोड्यात लगेच साका. खाण्याच्या सोड्यात थंड असताना काहीच नाही, पण चांगलं तापवलं की तेही पांढरं होतं. म्हणजे जी बाटली आत्ताच ओळखली, तीच पुढच्या बाटलीला ओळखायचं साधन झाली. मुलांना हे भारी आवडतं.

चौथी चाचणी चुन्याची, ती शिक्षकानंच करायची. द्रावणात चिमूटभर चुना टाकून कप गरम पाण्यात ठेवायचा. ओली केलेली हळदीची पट्टी कपाच्या तोंडावर, द्रावणाला न टेकवता, धरायची. नवसागर असेल तर पट्टी हवेतच लाल होते! अमोनिया वायू बाहेर पडतो आणि पट्टीवरच्या पाण्यात विरघळतो. वासही येतोच. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून मुलं दोन हात लांब.

मुलं कुठं चुकली?

पाठ टिपणात लिहिल्यासारखा सरळ झाला असं समजू नका.

एका गटानं धुण्याच्या सोड्यात लिंबाचे दोन थेंब टाकले. बुडबुडे आले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, "नाही." शेजारच्या गटानं अर्धं लिंबू पिळलं, तिथं फसफसलं. भांडण लागलं. दोन्ही गट खरं बोलत होते. धुण्याच्या सोड्यात थोडंसंच आम्ल घातलं तर आधी त्याचा खाण्याचा सोडा होतो, वायू लगेच सुटत नाही. पुढं घालत गेलं की बुडबुडे. त्या दिवसापासून आम्ही नुसतं "होय-नाही" न लिहिता "किती थेंबांनंतर" हेही लिहितो.

दुसऱ्या गटाची सगळी द्रावणं हळदीला लाल दाखवत होती, अगदी नुसतं पाणीसुद्धा. मग लक्षात आलं की ड्रॉपर एकच होता आणि तो आधी सोड्यात बुडवलेला. सातवी बाटली महत्त्वाची म्हटलं ते यासाठी. नुसत्या पाण्यानं खोटं सांगितलं म्हणून चूक सापडली. ती बाटली नसती तर त्यांनी सात सोडे शोधून काढले असते!

शेवटी दोन बाटल्या उरल्या. चारही चाचण्यांना दोघींचं उत्तर "नाही". एक मीठ, एक पाणी. सातवीतला एक पोरगा म्हणाला, "सर, आता एवढंच राहिलंय. एकात मीठ अन् एकात पाणी. आता तरी चाखू का?"

मोह मलाही झाला. खरंच, काय बिघडणार होतं? पण मी त्याला विचारलं, "दोनच उरल्यात हे तुला कशावरून कळलं?"

"तुम्हीच सांगितलं ना, सहा क्षार अन् एक पाणी."

"अन् मी सांगितलं नसतं तर?"

तो गप्प बसला.

मित्रांनो, या पाठातली खरी गोष्ट इथं आहे. "उरलं ते मीठ" हे म्हणता येतं, कारण यादी आपल्याला आधी माहीत होती. घरातल्या फळीवरच्या बाटलीला यादी नसते. तिथं चारही चाचण्या "नाही" म्हणाल्या, तर ते पाणी आहे असा अर्थ होत नाही. आपल्या चार चाचण्यांना ओळखता येत नाही असं काहीतरी त्यात आहे किंवा नाही, एवढाच होतो.

मग दोन्ही द्रावणांचे थेंब स्टीलच्या ताटलीत उन्हात ठेवले. मधली सुट्टी होईपर्यंत एक थेंब मागं काही न ठेवता उडून गेला. दुसऱ्याच्या जागी भिंगातून इवलेसे चौकोनी स्फटिक दिसले. मीठ सापडलं, जीभ न लावता.

हायस्कूलमधली फेरी

मुलांचं समाधान झालं नव्हतं. "मिठाची स्वतःची चाचणी नाही का?" आहे. पण त्याला सिल्व्हर नायट्रेट लागतं. हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांना विनंती केली, त्यांनी प्रयोगशाळेत बोलावलं आणि स्वतः करून दाखवलं. मिठाच्या द्रावणात दोन थेंब टाकताच दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका. नवसागरातही तसाच, कारण दोघांत क्लोराइड आहे. बॅटरीच्या पाण्यात काही नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग एका मुलीनं सोड्याच्या द्रावणात टाकायला लावलं. तिथंही फिकट साका आला! म्हणजे सोड्यातही मीठ? सरांनी हसून विरल नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले. सोड्यातला साका फसफसून विरघळला, मिठातला जागचा हलला नाही. म्हणून ही चाचणी करताना आधी आम्ल घालतात. "नाही" जसं फसवतं तसं "होय"सुद्धा फसवतं, हे मुलांना दिसलं आणि मलाही. (सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काळे डाग पडतात आणि बरेच दिवस जात नाहीत. शाळेत स्वतः आणून करू नका.)

एका पाण्यात दोन क्षार असले तर? सरांनी लोणार सरोवराचं उदाहरण दिलं. तिथलं पाणी खारंही आहे आणि सोड्याचंही आहे, त्याचा सामू १० च्या आसपास असतो. पूर्वी लोक त्या सरोवरातून सोडा आणि मीठ दोन्ही काढायचे. अशा पाण्यात हळद म्हणेल "सोडा", सिल्व्हर नायट्रेट म्हणेल "मीठ", आणि दोन्ही खरं. एक चाचणी केली आणि थांबलो, की अर्धंच कळतं.

आता घरचं पाणी आणा

परतताना मुलांनीच काढलं, "सर, आमच्या घरचं पाणी तपासायचं का?" दुसऱ्या दिवशी वीस-बावीस बाटल्या आल्या. विहीर, बोअर, हातपंप, नळ, नाल्याकाठचा झरा. सगळ्यांवर चिठ्ठ्या!

इथं मी आयांच्या चाचण्या घेतल्या. कपडे धुताना फेस येतो का? डाळ शिजते का? भांड्याला पांढरा थर बसतो का? कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाचा फेस होत नाही, नासल्यासारखा चोथा होतो. वर्गात आम्ही साबणाचं पाणी थेंब थेंब घालून हलवत गेलो आणि किती थेंबांत फेस टिकतो ते मोजलं. डिटर्जंट पावडर नको, साधा साबणच घ्या. मग ताटलीत थेंब वाळवून कुणाचा डाग मोठा ते पाहिलं.

पहिला नंबर आला एका वस्तीवरच्या हातपंपाच्या पाण्याचा. स्वच्छ, फेस पटकन, डाग लहान. ते पाणी आणणारी सहावीतली मुलगी खूश झाली. मुलांनी तक्त्यावर त्या पाण्यापुढं लिहिलं, "पिण्यास उत्तम." मी खाली सही केली.

ती मुलगी हसताना तोंडावर हात ठेवते. मी तिला दोन वर्षं शिकवत होतो. लाजाळू आहे म्हणून असेल, असंच धरून चाललो होतो. त्या दिवशी आनंदात हात खाली राहिला आणि मला तिचे दात दिसले. पिवळट-तपकिरी पट्टे. तिच्याच वस्तीवरची आणखी दोन मुलं वर्गात होती. त्यांना बोलावून बघितलं. तसेच पट्टे.

किनवट परिसरात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे आपण ऐकलेलं असतं. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट खडक असतो, पण आपल्या किनवट भागात ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं, ते हळूहळू बोअरच्या पाण्यात उतरतं. मेख अशी की पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइड जास्त विरघळून राहू शकतं. म्हणजे जे पाणी फेस छान देतं, डाळ छान शिजवतं, तेच फ्लोराइडचं असू शकतं. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. हळद गप्प, लिंबू गप्प, साबण तर शाबासकी देतो.

आमच्या यादीत फ्लोराइड नव्हतंच. त्या पोराला मी विचारलेला प्रश्न माझ्याच अंगावर आला. यादी बंद आहे हे तुला कुणी सांगितलं?

पुढं काय केलं?

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देतात आणि तपासणीची पेटी असते. आमच्या गावातली पेटी कपाटात होती. प्रशिक्षण घेतलेल्या एका ताईंना आणि जलसुरक्षकांना शाळेत बोलावलं. फ्लोराइडचं औषध टाकल्यावर पाण्याचा रंग गुलाबीकडून पिवळ्याकडं सरकतो, आणि तो रंग तक्त्याशी जुळवायचा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. शाळेच्या नळाचं पाणी गुलाबी राहिलं. हातपंपाचं पाणी १.५ च्या खुणेच्या पुढं पिवळं झालं.

पेटीचा रंग हा अंदाज असतो, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवालातला आकडाही १.५ च्या वरच होता. पंपाला लाल रंग लावला. मी मुलांसमोर तक्त्यावरचं "पिण्यास उत्तम" खोडलं आणि त्याखालची माझी सही पण खोडली.

मुलीच्या घरी गेलो तेव्हा तिच्या आईनं विचारलं, "उकळून प्यावं का, सर?" नाही. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं. "तुरटी फिरवावी का?" तुरटी आणि चुना मोजून घालून फ्लोराइड कमी करायची पद्धत आहे. नागपूरच्या नीरी संस्थेनं ती शोधली, नलगोंडा तंत्र म्हणतात. पण त्यात प्रमाण पाण्याप्रमाणे ठरवावं लागतं, घरी अंदाजानं तुरटी फिरवून ते होत नाही. सध्या ते लांबच्या विहिरीचं पाणी पितात. ते आम्ही पेटीनं तपासून घेतलं, फ्लोराइड मर्यादेत आहे. पण पाणी जड आहे. आई म्हणाली, "जे पाणी डाळ शिजवतंय ते दात खातंय, अन् जे दात राखतंय त्याच्यात डाळ शिजंना." मी काय बोलणार? पिण्याला आणि स्वयंपाकाला विहिरीचं, धुण्याला पंपाचं, एवढं ठरलं. विहिरीवर फेऱ्या मात्र तिलाच माराव्या लागतात.

मुलीच्या दातांवरचे पट्टे पाणी बदलून जाणार नाहीत. दातांचं कवच हिरडीच्या आत तयार होत असताना फ्लोराइड त्याला बिघडवतं, साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत. तिचा धाकटा भाऊ तेव्हा अंगणवाडीत होता. त्याचे पक्के दात अजून यायचे आहेत.

मित्रांनो, एवढंच सांगायचं आहे

हा पाठ जरूर घ्या. दोन तासिका आणि किराण्याचा किरकोळ खर्च, यात मुलं जे शिकतात ते दहा प्रश्नोत्तरांत येत नाही. पण पाठ संपवताना एक रकाना वाढवा. आमच्या तक्त्यात आता "काय आहे", "काय नाही" यांच्यानंतर तिसरा रकाना असतो: "हे आपण तपासलंच नाही." घरच्या पाण्याच्या वेळी मुलांनी त्यात लिहिलं: फ्लोराइड, नायट्रेट, जंतू. तो रकाना भरायला मुलांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. मलाही लागतो.

आणि एक छोटं काम आजच करा. शाळेच्या कपाटात, स्वयंपाकाच्या खोलीत, स्वतःच्या घरात फळीवर बघा. चिठ्ठी नसलेली एखादी बाटली, बरणी, पुडी असेलच. आत काय आहे ते नक्की माहीत असेल तर आत्ताच चिठ्ठी लावा. नक्की माहीत नसेल तर वापरू नका, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

त्या मिठाच्या बरणीवर आता चिठ्ठी आहे. मावशींनीच मुलीकडून लिहून घेतली: "धुण्याचा सोडा. सरांचा."